हजार दीनारांचा गुलाम

१. एक रास्त शंका

शाळेत इतिहास शिकताना दिल्लीच्या गुलाम घराण्यापाशी आलेल्या मुलाच्या मनात एक शंका हटकून उभी राहते, आणि परीक्षेच्या धांदलीत ती बहुधा तशीच गिळली जाते : गुलाम राजा कसा झाला? ज्याचा स्वतःच्या देहावरही हक्क नाही, ज्याला बाजारात उभा करून जनावरासारखा पारखून विकला, त्याच्या हाती धनी तलवार कशी देतो. आणि दिलीच, तर त्या तलवारीचा पहिला घाव धन्याच्याच मानेवर कसा पडत नाही? मोठेपणी ही शंका पुन्हा भेटते. निजामशाहीचा कोसळता डोलारा वर्षानुवर्षे सावरून धरणारा मलिक अंबर हा हबशी गुलाम होता, हे आपण वाचतो. त्याने खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, बांधलेल्या नहरीचे कौतुकही करतो. पण गुलामी आणि सरदारी या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात कशा नांदल्या, हे आपल्याला कोणी नीटसे उलगडून सांगत नाही.

या शंकेचे उत्तर दिल्लीपेक्षा आणि दख्खनपेक्षा कैरो शहरात अधिक स्वच्छ मिळते. दिल्लीत कुतुबुद्दीन, अल्तमश आणि बल्बन यांचा तो अध्याय १२९० साली संपला. अंबराने गादीवर निजामशहाच बसवला आणि स्वतः तिच्या मागे उभा राहिला. इजिप्तमध्ये मात्र १२५० पासून १५१७ पर्यंत, म्हणजे २६७ वर्षे, विकत घेतलेल्या योद्ध्यांचा वर्गच राज्याचा धनी होता. या योद्ध्यांना ‘ममलूक’ म्हणत. त्यांच्यात बैबर्स हा अधिक प्रसिद्ध, आणि त्याच्या शौर्याच्या कहाण्या कैरोच्या कॉफीखान्यांत शतकानुशतके रंगवून सांगितल्या जात. पण ही संस्था आतून समजून घ्यायची असेल, तर बैबर्सचा सोबती कलावून याचे चरित्र मला अधिक सोयीचे वाटते. कारण त्याने या व्यवस्थेची प्रत्येक पायरी पायाखाली घातली, तीस वर्षे दुसऱ्यांच्या हुकमतीखाली सरदारकी केली, उतारवयात सुलतान झाला, आणि ज्या नियमाने तो मोठा झाला तोच नियम अखेरीस आपल्या मुलांसाठी मोडायला निघाला.

२. बाजारातला भाव

काळ्या समुद्राच्या उत्तरेला जो अफाट गवताळ मुलूख पसरला आहे, तिथे तेराव्या शतकात किपचाक नावाचे, तुर्की भाषा बोलणारे, कळप राखून फिरस्तीवर राहणारे लोक होते. चालायला लागण्याच्या सुमारासच तिथले पोर घोड्यावर चढे, आणि धनुष्य ओढण्याइतके बळ दंडात आले की शिकारीला जाई. अशाच एका टोळीत १२२२ च्या सुमारास कलावून जन्मला. तो वयात येत होता, त्याच वेळी चंगीझखानाचा नातू बातू याच्या फौजा त्या प्रदेशावर तुटून पडल्या. टोळ्यांची दाणादाण झाली. काहीजण हंगेरीकडे पळाले, काही मंगोलांच्याच सैन्यात सामील झाले, आणि अगणित मुले दलालांच्या हाती लागून समुद्रमार्गे सीरिया आणि इजिप्तच्या बाजारांत येऊन पोहोचली.

त्या बाजारांत गिऱ्हाईकही तयार होते. इस्लामी धर्मशास्त्राप्रमाणे जन्माने स्वतंत्र असलेल्या मुसलमानाला गुलाम करता येत नसे. म्हणून गुलाम हवा असेल तर तो धर्माच्या आणि मुलखाच्या सीमेबाहेरून आणावा लागे. शिवाय सुलतानांना अशी माणसे हवी होती की ज्यांचे त्या शहरात काका-मामा नाहीत, जमीनजुमला नाही, जातभाईंचा गट नाही. स्थानिक सरदार आपल्या कुळाचा आधी आणि सुलतानाचा नंतर असतो, हा अनुभव बगदादच्या खलिफांपासून सर्वांनी घेतला होता. पोरक्या परदेशी मुलाला धन्यावाचून दुसरे कोणीच नसे, आणि त्याच्या किमतीतला मोठा हिस्सा या पोरकेपणाचा होता.

किमतीचीच गोष्ट निघाली आहे तर एक लहानसा हिशेब करून पाहू. बैबर्सला बाजारात ८०० दिरहम किंमत आली, आणि त्याच्या एका डोळ्यात पांढरा ठिपका असल्यामुळे पहिल्या गिऱ्हाइकाने त्याला परतही केला, असे सांगतात. दिरहम हे चांदीचे नाणे. कलावूनला आक्सुन्कुर नावाच्या अमीराने घेतले ते १००० दीनारांना, आणि दीनार हे सोन्याचे. त्या काळी एका दीनाराला ढोबळमानाने वीस दिरहम धरले, तर कलावूनची किंमत २०,००० दिरहम, म्हणजे बैबर्सच्या पंचवीसपट होते. देखणा, धिप्पाड आणि निर्दोष असा तो तरुण पाहून धन्याने थैली सैल सोडली असावी. ही किंमत त्याला लाजेची वाटली नाही. हजार या अर्थाचे ‘अल्-अल्फी’ हे बिरुद त्याच्या नावाला जन्मभर चिकटले, आणि सुलतान झाल्यावरही ते कोणी झाकून ठेवले नाही.

३. घडण

आक्सुन्कुर वारल्यावर कलावून अय्यूबी सुलतान अल्-सालिह अय्यूब याच्या पदरी आला. हा सुलतान सलाहुद्दीनच्या घराण्यातला. भाऊबंदांच्या आणि भाडोत्री फौजांच्या दगाबाजीने इतका पोळलेला, की त्याने विकत घेतलेल्या किपचाक पोरांची आठशे ते हजारांची एक स्वतंत्र पलटणच उभारली आणि तिला नाईल नदीतल्या रोदा बेटावर किल्ला बांधून तिथे ठेवले. अरबांत मोठ्या नदीलाही ‘बह्र’, म्हणजे समुद्र, म्हणतात, म्हणून ही पलटण ‘बहरी’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

छावणीत येणाऱ्या मुलाचे शिक्षण दोन टप्प्यांत होई. आधी एक फकीह, म्हणजे धर्मशास्त्र जाणणारा शिक्षक, त्याला अक्षरे, कुराण, नमाज आणि वागणुकीचे नियम शिकवी. आणि खोजे दिवसरात्र त्याच्यावर नजर ठेवीत. बहुतेक मुले कोवळ्या वयात येत. कलावून मात्र चांगला मोठा झाल्यावर आला, त्यामुळे अरबी भाषा त्याच्या जिभेवर अखेरपर्यंत नीट बसली नाही. दुसरा टप्पा शस्त्रविद्येचा. या विद्येवर अरबीत पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले, आणि त्यांवरून तिची रीत आपल्याला बारकाईने कळते. घोड्यावर मांड टाकण्याचा सराव आधी लाकडाच्या किंवा मातीच्या घोड्यावर, तो साधला की खऱ्या घोड्याच्या उघड्या पाठीवर, खोगीर त्यानंतर. तलवारीच्या तालमीसाठी ओल्या चिकणमातीचा ढीग रचत आणि त्यावर रोज वाढत्या संख्येने घाव घालायला लावीत; पुढे त्या मातीवर नमद्याचे थर चढवीत आणि नेमके सांगितलेले थर कापून पाते तिथेच थांबवायला शिकवीत. कापण्याइतकेच न कापणेही हाताला समजले पाहिजे, हा त्यातला मुद्दा. तिरंदाजीत मऊ धनुष्यापासून आरंभ करून कठीण धनुष्यांपर्यंत चढत जावे लागे, आणि मैदानात उंच खांबाच्या टोकाशी बांधलेला भोपळा भरधाव घोड्यावरून, मागे वळून वेधण्याचा खेळ सुलतानही पाहायला येत.

ही परीक्षा उतरलेल्या तरुणाला घोडा, चिलखत आणि शस्त्रे मिळत. आणि त्याबरोबर मिळे ती मुक्ततेची सनद. आरंभीच्या शंकेचे अर्धे उत्तर या सनदेत आहे. ज्याने फौजा चालवल्या आणि जो गादीवर बसला, तो कायद्याने त्या वेळी गुलाम नव्हताच. गुलामी ही त्याच्या शिक्षणाची वर्षे होती.

उरलेले अर्धे उत्तर नात्यांत आहे. जन्माचे नाते तोडल्यावर छावणीने त्याला दोन नवी नाती दिलेली असत. पहिले उस्तादाचे, म्हणजे ज्या धन्याने विकत घेतले, वाढवले आणि मुक्त केले त्याचे. त्याचे नाव तो आपल्या नावापुढे कुळनामासारखे लावी. अल्-सालिहचा म्हणून कलावून मरेपर्यंत ‘अल्-सालिही’ राहिला. दुसरे नाते खुश्दाशांचे, म्हणजे एकाच धन्याच्या घरी एकत्र वाढलेल्या सोबत्यांचे. आपल्याकडे गुरुबंधू म्हणतात तसे हे नाते, पण त्यात गुरुबंधूंच्या सौम्यपणाबरोबर भाऊबंदकीचा तिखटपणाही असे. खुश्दाशाला संकटात सोडणे ही नामुष्की मानली जाई, आणि खुश्दाशाच्या हातून मारले जाणे हा प्रकार मुळीच विरळा नव्हता.

या सर्वांच्या तळाशी एक नियम होता. ममलूकाचा मुलगा ममलूक होऊ शकत नसे. तो मुसलमान म्हणून, स्वतंत्र म्हणून, शहरात आणि सुखात जन्मलेला. बापाचे पद त्याला मिळत नसे. फार तर दुय्यम दर्जाच्या फौजेत नेमणूक, किंवा विद्येचा आणि कारकुनीचा मार्ग. कोकणातल्या बागाइतदाराला हे चटकन समजेल : हापूसच्या बाठ्यातून रुजलेल्या झाडाला हापूस धरेल याची खात्री नसते, म्हणून प्रत्येक झाडासाठी कलम नव्यानेच बांधावे लागते. त्याचप्रमाणे प्रत्येक पिढीचे सरदार पुन्हा त्या गवताळ मुलखातून आणायचे, पुन्हा छावणीत घालायचे, पुन्हा मुक्त करायचे.

४. अमीराची दौलत

मुक्त झालेला शिपाई चढत चढत अमीर होई. अमीरांच्या पायऱ्या त्यांच्या पदरच्या स्वारांवरून ठरत : दहांचा अमीर, चाळिसांचा अमीर, शंभरांचा अमीर. चाळिसांच्या अमीराला दारात नगारखाना ठेवण्याचा मान मिळे. शंभरांचा अमीर स्वारीच्या वेळी हजार शिपायांचा पुढारी असे. दरबारातल्या हुद्द्यांची नावे, सिलाहदार, जामदार, मराठी वाचकाला परकी वाटणार नाहीत.

या अमीराला रोख पगाराऐवजी ‘इक्ता’ मिळे. इक्ता म्हणजे ठरावीक गावांचा महसूल घेण्याचा हक्क. तो आपल्या सरंजामाच्या जातीचा, वतनाच्या जातीचा नव्हे. कारण जमीन त्याच्या मालकीची नसे, तो तिथे राहत नसे, आणि पद गेले किंवा प्राण गेला की इक्ता सरकारजमा होऊन दुसऱ्याकडे जाई. हिशेबासाठी इजिप्तच्या साऱ्या लागवडीच्या जमिनीचे चोवीस भाग कल्पीत. तेराव्या शतकाच्या अखेरपर्यंतची वाटणी अशी होती की त्यांतले ४ सुलतानाच्या खासगीकडे, १० अमीरांकडे आणि १० स्वतंत्र जन्माच्या शिपायांच्या फौजेकडे. म्हणजे सुलतानाच्या वाट्याला सहावा हिस्सा आणि अमीरांच्या वाट्याला त्याच्या अडीचपट. सुलतान हा समानांतला पहिला का होता आणि त्याला अमीरांची मने का सांभाळावी लागत, हे यावरून ताडता येईल. चौदाव्या शतकात कलावूनच्याच मुलाने ही वाटणी उलटी करून १० भाग स्वतःकडे घेतले, पण ते पुढचे.

५. वनवास, आणि एका कैद्याची अदलाबदल

१२४९ साली फ्रान्सचा राजा नववा लुई धर्मयुद्धाच्या आवेशात इजिप्तवर चालून आला, आणि ऐन लढाईच्या धामधुमीत सुलतान अल्-सालिह वारला. त्याची बेगम शजर अल्-दुर्र हिने मृत्यूची बातमी दाबून ठेवली, आणि १२५० च्या फेब्रुवारीत मन्सूरा गावाच्या अरुंद गल्ल्यांत घुसलेल्या फ्रेंच स्वारांची बहरी पलटणीने कत्तल केली; लुईचा भाऊ तिथेच पडला आणि पुढे खुद्द लुई कैद झाला. त्यानंतर नव्या तरुण सुलतानाने बापाच्या ममलूकांना दूर सारून आपली माणसे पुढे आणण्याचा प्रयत्न करताच बहरींनी त्याला मे महिन्यात ठार केले. शजर अल्-दुर्र काही आठवडे गादीवर बसली, मग ऐबक नावाचा ममलूक अमीर सुलतान झाला. अय्यूबी घराणे इजिप्तमधून असे उखडले गेले.

पण ऐबक बहरी नव्हता, आणि त्याला बहरींची धास्ती होती. १२५४ मध्ये त्याने त्यांचा पुढारी आक्ताय याला किल्ल्यात बोलावून मारवले आणि जाब विचारायला खाली जमलेल्या त्याच्या माणसांपुढे तटावरून त्याचे शीर फेकले. बहरी त्याच रात्री फुटले. बैबर्स, कलावून, सुन्कुर अल्-अश्कर आणि शेकडो सोबती सीरियाकडे निघाले, आणि पुढची काही वर्षे कधी दमास्कसच्या तर कधी करकच्या अय्यूबी राजाची चाकरी करीत, कधी त्यांच्याशी भांडत, कधी उपाशी, त्यांनी काढली. या काळात त्यांच्यापाशी ना इक्ता होती ना धनी. होते ते एवढे एक खुश्दाशांचे नाते.

१२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद बुडवले, १२६० मध्ये ते सीरियात उतरले, आणि धोका एवढा मोठा झाला की कैरोचा नवा सुलतान कुतुझ आणि बैबर्स यांनी जुने वैर बाजूला ठेवले. ३ सप्टेंबर १२६० रोजी पॅलेस्टाइनमध्ये ऐन जालूत इथे मंगोल फौजेचा पराभव झाला. विजयी सैन्य परतत असताना वाटेतच बैबर्सने आणि इतर अमीरांनी कुतुझला मारले आणि बैबर्स सुलतान झाला. कलावूनचे दिवस पालटले. बैबर्सच्या सतरा वर्षांच्या कारकिर्दीत तो पहिल्या प्रतीचा अमीर होता, आणि आपली मुलगी बैबर्सच्या मुलाला, बरकाखानाला, देऊन तो व्याहीही झाला. मुर्तजा निजामशहाला जावई करून घेणाऱ्या मलिक अंबराने सव्वातीन शतकांनंतर हीच चाल केली.

सेनापती म्हणून कलावूनची मोठी कामगिरी १२६६ ची. आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर सिलिशियाचे ख्रिस्ती आर्मेनियन राज्य होते, आणि त्याचा राजा हेथुम मंगोलांचा मांडलिक बनून त्यांना सीरियाच्या वाटा दाखवीत असे. राजा मंगोल दरबारी गेल्याची संधी साधून कलावून आणि हमाचा अय्यूबी राजा यांच्या हाताखाली ममलूक फौज डोंगर ओलांडून आत शिरली. ऑगस्टमध्ये झालेल्या लढाईत हेथुमचा एक मुलगा मारला गेला आणि युवराज लिओ जिवंत सापडला. राजधानी सीस जाळली गेली, तार्सूस, अदाना आणि अयास ही गावे लुटली गेली. त्या राज्याला ती जखम पुन्हा भरून काढता आली नाही.

आता या कैद्याचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. बैबर्सने युवराजाच्या मोबदल्यात काही किल्ले तर मागितलेच, पण त्याहून विलक्षण अशी एक अट घातली : आपला वनवासातला सोबती सुन्कुर अल्-अश्कर मंगोलांच्या ताब्यात आहे, तो आणून दिला पाहिजे. हेथुमने मंगोल खानाची मनधरणी केली, सुन्कुरला सोडवून आणले, आणि १२६८ मध्ये लिओ घरी परतला. एका राज्याच्या वारसाच्या बदली बाजारातून आलेला एक किपचाक मागून घेणे आणि तो सौदा महाग न वाटणे, यावरून या नात्याची त्यांच्या लेखी काय किंमत होती हे कळते. कलावूनने पकडलेला राजपुत्र देऊन कलावूनचा खुश्दाश परत आला होता.

६. होम्सचे मैदान

बैबर्स १२७७ मध्ये दमास्कसला वारला. बरकाखान गादीवर आला आणि त्याने पूर्वीच्या तरुण सुलतानाची चूक जशीच्या तशी केली : बापाच्या वृद्ध सोबत्यांना दूरच्या स्वाऱ्यांवर धाडून आपल्या खासगीतल्या पोरांना दौलत वाटू लागला. १२७९ मध्ये अमीर फौजेसह परत फिरले, सासऱ्याने जावयाला पदच्युत करून करकला पाठवले, त्याच्या सात वर्षांच्या भावाला नावापुरता सुलतान केले, आणि काही महिन्यांत त्या मुलालाही उठवून कलावून स्वतः गादीवर बसला. त्याचे वय साठीला टेकले होते.

त्याच्याविरुद्ध पहिले बंड कोणी केले? सुन्कुर अल्-अश्करने. तो दमास्कसचा सुभेदार होता. कलावून सुलतान होतो तर मी का नको, असा त्याचा सरळ हिशेब असावा, आणि ममलूकांच्या न्यायाने त्यात चूकही काढता येत नाही. त्याने स्वतःला सुलतान म्हणून जाहीर केले, १२८० मध्ये पराभव होताच साहयूनच्या डोंगरी किल्ल्यात आश्रय घेतला, आणि मंगोलांना सीरियात येण्याचे निमंत्रण धाडले. मंगोल फौज जमू लागली तशी मात्र दोन्हीकडचे म्हातारे शहाणे झाले. कलावूनने साहयून आणि आसपासचा मुलूख सुन्कुरकडे राहू दिला, सुन्कुरने सुलतानपदाचा दावा सोडला, आणि मदतीला येण्याचे कबूल केले.

२९ ऑक्टोबर १२८१ रोजी होम्सजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. मंगोलांचा सेनापती खानाचा भाऊ मुंगू तिमूर. त्यांच्या उजव्या बगलेला मित्रराजा म्हणून उभा होता तोच लिओ, आता सिलिशियाचा राजा. आणि ममलूकांच्या बाजूला आपली माणसे घेऊन उभा होता तोच सुन्कुर. पंधरा वर्षांपूर्वी ज्याने कैद केले, जो कैद झाला आणि ज्याच्यासाठी त्याची सुटका झाली, ते तिघे एकाच मैदानावर होते.

लढाई सुरू होताच मंगोलांच्या उजव्या बगलेने ममलूकांची डावी बगल मोडून टाकली, आणि पळणाऱ्यांचा पाठलाग करीत ते स्वार थेट होम्सच्या तटापर्यंत गेले. जिंकलो अशी त्यांची समजूत झाली. बाकीचे सैन्य मागून येईल म्हणून ते तिथेच विसावले. इकडे मैदानात उलटे घडत होते. ममलूकांची उजवी बाजू टिकली, सीरियाचा बेदुइन अरब सरदार ईसा बिन मुहन्ना, जो आदल्या वर्षी सुन्कुरच्या बंडात सामील होता, तो मंगोलांच्या डाव्या कुशीत घुसला, मुंगू तिमूर जखमी झाला आणि त्याच्याबरोबर मधली फौज मागे फिरली. ममलूक स्वार तिच्यामागे धावले, आणि कलावूनपाशी उरली ती मूठभर खासगीची माणसे. नेमक्या त्याच वेळी होम्सकडून गोंधळून परतणारी मंगोलांची ती विजयी बगल समोरून येताना दिसली. कलावूनने निशाणे गुंडाळायला लावली, नगारे बंद करवले आणि जागा सोडली नाही. मंगोल स्वार त्याला न ओळखता, किंवा घाईत दुर्लक्षून, जवळून निघून गेले. ते पुढे गेल्यावर त्याने त्यांच्या पिछाडीवर हल्ला चढवला. माझ्या मते त्याच्या साऱ्या सेनापतित्वाचे सार या अर्ध्याएक घटकेत आहे. निशाण फडकवत ठेवण्याचा मोह तरुण सरदाराला आवरला नसता.

७. भाषा न येणारा सुलतान

कलावूनला अरबी बेताचीच येत असल्यामुळे त्याचा सारा व्यवहार दुभाष्यांच्या आणि चिटणिसांच्या हातून चाले, आणि गंमत अशी की त्यामुळेच त्याची कारकीर्द कागदोपत्री फार चांगली राहिली. इब्न अब्द अल्-जाहिर आणि त्याचा नातलग शाफी बिन अली या दोन चिटणिसांनी त्याची चरित्रे लिहिली, तहनाम्यांच्या नकला जपल्या. १२८३ मध्ये अक्रेच्या ख्रिस्ती राज्याशी झालेला तह दहा वर्षे, दहा महिने, दहा दिवस आणि दहा तासांचा होता, इतक्या बारकाईची नोंद आपल्यापर्यंत आली आहे. बायझँटाइन बादशहाशी केलेल्या तहात गुलामांच्या जहाजांना त्याच्या सामुद्रधुनीतून वाट मिळावी, हा मुद्दा होता. कारण नवी पोरे येत राहिली तरच नवे सरदार होणार. त्याच हेतूने १२८८ मध्ये त्याने हिंद, सिंध, चीन आणि येमेनच्या व्यापाऱ्यांना कौलनामा पाठवून अभय दिले आणि मालाबरोबर ममलूकही आणण्याचे आवर्जून सांगितले. सिंहलद्वीपाच्या राजाचे वकीलही त्याच्या दरबारी १२८३ मध्ये आले होते. त्यांनी सोन्याच्या वेष्टनात आणलेले पत्र वाचणारा एकही माणूस कैरोत मिळाला नाही, आणि त्यातला मजकूर वकिलांनाच तोंडी सांगावा लागला.

स्वतःच्या ममलूकांची त्याने हजारांनी भरती केली. त्यांच्या मुदपाकखान्यात तो स्वतः जाऊन अन्न पाहत असे आणि ते बेचव निघाले तर देखरेख करणाऱ्यावर चिडत असे, असे मक्रिझी हा इतिहासकार लिहितो. किपचाकांच्या जोडीला कॉकेशस पर्वतातली चर्केसी मुले विकत घेऊन त्याने कैरोच्या किल्ल्याच्या बुरुजांत ठेवली. मक्रिझी त्यांची संख्या ३,७०० देतो. अरबीत बुरुजाला ‘बुर्ज’ म्हणतात, म्हणून ही पलटण बुर्जी.

कैरोत आजही त्याचे नाव टिकून आहे ते रुग्णालयामुळे. अमीर असताना दमास्कसमध्ये पोटशूळाने तो आजारी पडला, तिथल्या नूरुद्दीनच्या रुग्णालयातून आणलेल्या औषधाने बरा झाला, आणि आपल्या हाती सत्ता आली तर असेच रुग्णालय बांधीन असा त्याने नवस केला. १२८४-८५ मध्ये जुन्या फातिमी राजवाड्याच्या जागेवर ते उभे राहिले. ज्वराचे, नेत्ररोगाचे, शस्त्रक्रियेचे आणि स्त्रियांचे विभाग वेगळे, आणि खर्चासाठी कायमचे वक्फ. फुप्फुसांतून होणाऱ्या रक्ताभिसरणाचे वर्णन करणारा प्रसिद्ध वैद्य इब्न अल्-नफीस याने आपले घर आणि ग्रंथसंग्रह याच संस्थेला दिला. पण ही वास्तू एका वर्षाच्या आसपास पुरी झाली ती बांधकामावरचा अमीर सन्जर अल्-शुजाई याने रस्त्याने जाणाऱ्यांनाही वेठीला धरल्यामुळे, आणि अशा जागी केलेली नमाज ग्राह्य आहे काय असा प्रश्न त्या वेळच्या धर्मशास्त्र्यांनी उघड विचारला, हेही सांगितले पाहिजे.

युद्धात तो नेहमीच दयाळू नव्हता. १२८५ मध्ये मर्कबचा अभेद्य मानलेला किल्ला त्याने सुरुंग लावून घेतला तेव्हा आतल्या लोकांना सुखरूप जाऊ दिले. पण १२८९ मध्ये धर्मयोद्ध्यांचे त्रिपोली शहर पडले तेव्हा कत्तल झाली. हमाच्या राजघराण्यातला अबुल फिदा, जो पुढे मोठा इतिहासकार झाला, बापाबरोबर त्या स्वारीत होता. शहरातले लोक जवळच्या एका लहान बेटावर पळाले होते. शिपायांनी तिथे जाऊन त्यांनाही मारले, आणि नंतर आपण होडीने त्या बेटावर गेलो तेव्हा प्रेतांच्या दुर्गंधीने तिथे उभे राहवेना, एवढे त्याने नोंदवून ठेवले आहे.

८. न केलेली सही

ज्याने एका मित्राच्या दोन मुलांना गादीवरून उतरवले, त्याला स्वतःच्या मुलाने गादीवर यावे असे वाटले, यात मनुष्यस्वभावाबाहेरचे काही नाही. कलावूनने थोरला मुलगा अली याला आपल्या हयातीतच वारस नेमले. तो १२८८ मध्ये आजाराने वारला. दुसरा मुलगा खलील शूर होता, पण बापाचा त्याच्यावर विश्वास नव्हता. वारसाची सनद चिटणिसाने सहीसाठी पुढे केली की तो ती परत पाठवी. असे एकापेक्षा अधिक वेळा झाले. अक्रेवर स्वारी करण्यासाठी कैरोबाहेर डेरे पडले असताना १० नोव्हेंबर १२९० रोजी कलावून वारला, आणि ती सनद तशीच, सहीवाचून, राहिली. खलीलला ती दाखवली तेव्हा, बापाने नाकारले ते देवाने दिले, अशा अर्थाचे काही बोलून त्याने गादी घेतली. पुढच्या मे महिन्यात त्याने अक्रे जिंकले आणि पूर्वेतले धर्मयोद्ध्यांचे राज्य संपवले. कलावूनने जन्मभर सांभाळून घेतलेल्या वृद्ध सुन्कुरला त्याने मारवले. आणि १२९३ मध्ये शिकारीला गेला असता त्यालाही बापाच्याच ममलूकांनी मारले.

मग आठ-नऊ वर्षांचा धाकटा मुलगा अल्-नासिर मुहम्मद. त्याला दोनदा गादी सोडावी लागली, आणि मधल्या काळात ज्या तिघांनी सुलतानपद घेतले ते कितबुगा, लाजीन आणि दुसरा बैबर्स हे तिघेही कलावूनने विकत घेऊन वाढवलेले ममलूक होते. बैबर्सच्या मुलांचे कलावूनने जे केले तेच कलावूनच्या मुलाचे त्याच्या ममलूकांनी केले. फरक इतकाच की हा मुलगा १३१० मध्ये तिसऱ्यांदा परत आला, गादी घट्ट धरली, आणि १३४१ मध्ये मरेपर्यंत सोडली नाही. त्याच्यानंतर त्याचे मुलगे, नातू आणि पणतू एकामागून एक गादीवर बसवले गेले. बहुतेक अल्पवयी, बहुतेक नामधारी, सत्ता अमीरांच्या हाती. तरीही वारसाहक्क नसलेल्या त्या व्यवस्थेत कलावूनचे घराणे मध्ये थोडे खंड पडून शतकभर टिकले. १३८२ मध्ये त्याचा खापरपणतू हाज्जी याला उठवून बर्कूक नावाच्या अमीराने गादी घेतली, आणि किपचाकांचा काळ संपून चर्केसींचा सुरू झाला. बर्कूक स्वतः बाजारातून आलेला चर्केसी होता, आणि चर्केसी मुलांची घाऊक खरेदी इजिप्तमध्ये कलावूननेच सुरू केली होती.